वारा कोणास विचारावा?

आमच्या माकुणसारच्या खाडींत पाणी केव्हां चढेल हें सांगण्यास कोणत्याही यंत्राची गरज नाहीं. तिथीची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल ती भरतीची वेळ. अष्टमीस आठांची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती व बाराच्या सुमारास ओहोटी. वद्य पक्षांत प्रतिपदेपासून पुन्हां तसेंच मोजावें. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, खाडीच्या आंत पाणी शिरावयास थोडा अधिक वेळही लागतो. पण किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांचें सारें आयुष्य याच हिशेबावर निभावलें. चंद्रसूर्यांची गति ठरलेली, म्हणून पाण्याचें गणित वर्ष वर्ष आधीं मांडून ठेवतां येतें. वारा मात्र कोणाच्या पंचांगांत बसत नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत मेघांच्या गर्भधारणेपासून १९५ दिवसांनीं वृष्टि होते असें सांगितलें आहे. तो अध्याय मी मोठ्या प्रीतीनें वाचतों. परंतु त्याच्या भरंवशावर होडी पाण्यांत लोट, असें कोणास सांगावयाचा नाहीं.

हा विषय आमच्या घरांत निघाला तो माझ्या पुतण्यामुळें. त्याला शिडाच्या होडीचा नाद आहे. गेल्या हिवाळ्यांत केळव्याहून अर्नाळ्यास किनाऱ्याकिनाऱ्यानें जावयाचें असें त्यानें ठरविलें. अंतर फार नाहीं, दहा मैलांच्या आंतबाहेर. पण वाटेंत दातिवरें आणि अर्नाळा यांच्यामध्यें वैतरणेचें मुख आहे, आणि तें ओलांडावें लागतें. वहिनींच्या पोटांत गोळा उठला. हल्लीं घरांत जितकीं माणसें तितकीं हवामानखातीं. तीन भ्रमणध्वनींवर तीन अंदाज निघाले. एकावर वारा १२, दुसऱ्यावर २२, तिसऱ्यावर ६. "यांचें यांनाच ठाऊक नाहीं, आणि माझा मुलगा यांच्या जिवावर समुद्रांत जाणार!" असें वहिनी म्हणाल्या.

वस्तुतः तिघेही एकच सांगत होते. पहिला आंकडा नॉटचा, दुसरा ताशीं किलोमीटरचा, तिसरा सेकंदास मीटरचा. एक नॉट म्हणजे ताशीं १.८५ किलोमीटर. ही गोष्ट शाळेंतल्या उदाहरणासारखी क्षुल्लक वाटते, पण पंचवीस नॉटचा वारा कोणी पंचवीस किलोमीटरचा समजून निघाला तर तो ताशीं शेहेचाळीस किलोमीटरच्या वाऱ्यांत सांपडतो. असल्या वाऱ्यांत आपलें हवामानखातें मच्छीमारांस समुद्रांत जाऊं नका म्हणून बजावीत असतें.

आंकडे जुळले म्हणजे साक्षी जुळले असेंही नव्हे. हीं बहुतेक अ‍ॅपें स्वतः कांहीं गणित करीत नाहींत. कोणी अमेरिकेच्या सरकारी खात्याचें, जगास फुकट मिळणारें गणित घेतात. कोणी युरोपीय राष्ट्रांनीं १९७५ सालीं मिळून स्थापिलेल्या केंद्राचें घेतात. एकाच गणितावरून बोलणारीं दोन अ‍ॅपें म्हणजे अंगरखा बदलून पुन्हां कोर्टांत उभा राहिलेला एकच साक्षीदार. 'विंडी'सारख्या ठिकाणीं कोणाचें गणित पाहावयाचें तें आपणास निवडतां येतें. पुतण्यास मी सांगितलें, "अमेरिकेचें व युरोपचें निरनिराळें पाहा. दोन्हीं जुळलीं तर विचार करूं. फांटलीं तर घरींच बैस." नैयायिक ज्यास आप्त म्हणतात तो असा निवडून घ्यावा लागतो, रंगीत चित्र ज्याचें अधिक सुंदर तो आप्त नव्हे.

आपल्या घरचें खातेंही १८७५ पासूनचें आहे. त्याचें ६ किलोमीटरच्या चौकटीचें नवें गणित मे २०२५ मध्यें सुरू झालें. युरोपचें ९ किलोमीटरचें आहे. एवढ्या चौकटींत अर्धी जमीन व अर्धा समुद्र येतो, तेव्हां पहाटेचा मतलई वारा पडून खारा वारा नेमका केव्हां उठेल हें त्यांतून कळणें कठीण. लाटांसाठीं हैदराबादची समुद्रविषयक माहिती देणारी सरकारी संस्था, इन्कॉईस, पाहावी. तेथें लाटेची जी उंची देतात ती उंचांतल्या उंच तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पटही येते, हें ध्यानांत असूं द्यावें.

आणि धोक्याचा इशारा निघाला असेल तर ही तुलनाच करूं नये. नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळांत आपल्या किनाऱ्यावरचे कित्येक मच्छीमार परत आले नाहींत. मे २०२१ च्या तौक्ते वादळाचे इशारे तर आधींपासून निघत होते. तरी मुंबईच्या समुद्रांत पी-३०५ हा तराफा बुडून साठांहून अधिक माणसें गेलीं. तेथें अंदाज तोकडा पडला नव्हता.

पुतण्याच्या रविवारीं मात्र दोन्हीं गणितें जुळलीं: सकाळीं मंद मतलई, दुपारीं बारा नॉटचा खारा वारा. तो निघणारच होता. तेवढ्यांत माझा एक जुना विद्यार्थी, वडराईचा, आज स्वतःच्या बोटीचा तांडेल, सहज आला. त्यानें पडद्याकडे पाहिलेंही नाहीं. "गुरुजी, रविवारीं तिथी कोणती?" दशमी. दहांची पाऊणपट साडेसात. म्हणजे साडेसातास भरती, दीडपर्यंत ओहोटी. दुपारीं वैतरणेचें पाणी बाहेर धांवणार आणि खारा वारा त्याच्या तोंडावर आंत येणार. असा वारा व पाणी समोरासमोर आले कीं मुखावर लाट उभी राहते, आणि बारा नॉटच्या वाऱ्यांतही लहान होडी भरते. ही गोष्ट एकाही पडद्यावर नव्हती.

पुढला रविवार वद्य तृतीयेचा होता. ओहोटी आठास, मग सव्वादोनपर्यंत भरतीचें पाणी वाऱ्याबरोबर आंत. पुतण्या थोडा हिरमुसला, पण आठवडाभर थांबला. त्या दिवशीं पुन्हां दोन्हीं अंदाज पाहिले, इशारा नाहीं याची खात्री केली, आणि साडेनऊच्या सुमारास पाण्यानें होडी उचलली तेव्हां तो निघाला.

एक वाजून दहा मिनिटांनीं अर्नाळ्याहून दूरध्वनि आला. तोंवर वहिनींनीं कोणाचेंच पान वाढलें नव्हतें.