ओट्याखालचा आवाज

आमचं घर चिपळूणमध्ये, वाशिष्ठी नदीपासून फार लांब नाही. २०२१ साली बकरी ईद २१ जुलैला झाली आणि दुसऱ्याच दिवशी पूर आला. कुर्बानीच्या गोश्ताचे वाटे करून फ्रीजमध्ये ठेवले होते. काही नातेवाइकांकडे पोहोचायचे बाकी होते. फ्रीजच पाण्यावर तरंगू लागला, तेव्हा अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, मुलं आणि आम्ही दोघं शेजाऱ्यांच्या माडीवर गेलो. ती रात्र आम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून काढली. त्याच जिन्यात एक तिरंगी मांजराचं पिल्लू भिजून बसलं होतं. अम्मींनी त्याला ओढणीत गुंडाळलं. पाणी उतरल्यावर आम्ही खाली आलो, तेव्हा पिल्लूही आमच्याबरोबर आलं. अम्मींनी तिचं नाव मुन्नी ठेवलं.

मला मांजर नको होती. घरात गुडघाभर गाळ, भांडी-कपडे सगळं टाकून दिलेलं, त्यात ही आणखी एक जबाबदारी. पिठात केस जातील, जानमाजवर बसेल, भांड्यात तोंड घालेल, अशी माझी रोजची कुरकुर. एकदा अम्मींच्या वजूच्या पाण्यात मुन्नीने तोंड घातलं आणि मी ते पाणी ओतून द्यायला धावले. अम्मींनी माझा हात धरला आणि हजरत अबू कतादा (रजि.) यांची हदीस सांगितली. त्यांच्यासाठी त्यांच्या सुनेने, कबशा यांनी, वजूचं पाणी ठेवलं होतं. मांजर पाणी प्यायला आली, तर त्यांनी भांडं कलतं करून तिला पिऊ दिलं. सून आश्चर्याने बघू लागली, तेव्हा त्यांनी सांगितलं की, मांजर नापाक नाही, ती तुमच्या घरात फिरणाऱ्यांपैकीच आहे, असं प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी फर्मावलं आहे. अम्मी हसून म्हणाल्या, “बघ, तिथेही सूनच होती.” मी गप्प बसले, पण मन काही बदललं नाही.

पुढच्या मार्चमध्ये, रमजानच्या आधी, स्वयंपाकघर नव्याने बांधायला घेतलं. जुनी ओट्याखालची कपाटं भुशाच्या फळ्यांची होती, पाण्याने फुगून त्यांचा लगदा झाला होता. म्हणून या वेळी ओट्याखाली लाकूड लावायचं नाही, असं ठरवलं. कडाप्प्याच्या उभ्या फरशा, त्यात स्टीलच्या ट्रॉल्या आणि दारं प्लास्टिकच्या फळीची. विजेचे सगळे खटके ओट्याच्या बरेच वर घेतले. पीठ-तांदळाचे डबे वरच्या मांडणीवर आणि खाली फक्त धुऊन घेता येतील अशी भांडी. पूर येणाऱ्या गावात राहणाऱ्या भगिनींना मी आजही हेच सांगेन.

ओट्याची उंची मी माझ्या मापाने चौतीस इंच घेतली. ट्रॉल्यांच्या खाली चार इंचांची फट राहते. ती झाकायला पुढून एक लांब पट्टी बसवतात, कारागीर तिला स्कर्टिंग म्हणतात. मी सुतारदादांना म्हटलं, “ती पट्टी आधी लावा. मांजर आत शिरते, फार त्रास आहे.” गुरुवारी संध्याकाळी त्यांनी पट्टी स्क्रूने घट्ट बसवली आणि गेले. शुक्रवारी ते येणार नव्हते.

आता जे लिहितेय ते लिहिताना हात जड होतो. त्याच रात्री भांडी घासताना मला ओट्याखालून खरवडल्यासारखा आवाज आला होता. मी थांबले, ऐकलं आणि मनाला सांगितलं, उंदीर असेल. उंदीर नाही हे मला कळत होतं का? कळत होतं, असं आज वाटतं. पण दिवसभराचा थकवा होता, पट्टी काढायची म्हणजे पुन्हा पसारा, आणि मनाच्या एका कोपऱ्यात असंही होतं की, मांजर नसलेलं घर किती शांत आहे!

शुक्रवारी अम्मी दिवसभर अंगणात “मुन्नी, मुन्नी” करत फिरल्या. जुम्याच्या नमाजला गेलेल्या मुलांना त्यांनी येताना गल्लीत बघून यायला सांगितलं. रात्री त्यांनी ताटाला हात लावला नाही. शनिवारी फज्रच्या आधी मी वजूला उठले. अजान व्हायची होती, पंखा बंद होता. ओट्याखालून अगदी बारीक, घसा बसल्यासारखा आवाज आला. या वेळी मला मनाला काही सांगता आलं नाही.

यांना उठवलं, पट्टी उघडली. मुन्नी सिमेंटच्या धुळीने पांढरी झाली होती, पुढच्या पंजांची नखं खरवडून तुटली होती. ती चालत नव्हती, सरपटत आली. त्या क्षणी मला दुसरी हदीस आठवली, बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत असलेली. एका बाईने मांजर कोंडून ठेवली, तिला खाऊपिऊ घातलं नाही आणि जमिनीवरचे किडे खायलाही सोडलं नाही. मांजर मेली आणि ती बाई शिक्षेला पात्र ठरली. लहानपणी मदरशात ही हदीस ऐकताना वाटायचं, अशी दुष्ट बाई कोण असेल! मला वाटतं, तीही माझ्यासारखीच एखादी कामात असलेली बाई असेल.

सकाळी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कातडीखालून सलाईन दिलं आणि बऱ्याच गोष्टी सांगितल्या. मांजर दोन दिवस उपाशी राहिली तर तिच्या यकृतावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे ती खात नसेल तर वाट बघत बसू नये. मुन्नीच्या पंजांना खालून लाली होती, त्याचं कारण त्यांनी विचारलं. मी रोज फिनेलने फरशी पुसते, म्हटलं. ते म्हणाले, फिनेल मांजरीला विष आहे. ती ओल्या फरशीवरून चालते, मग पंजे चाटते आणि तिच्या शरीराला ते पचवता येत नाही. साबणाच्या पाण्याने पुसा आणि फरशी वाळल्यावरच तिला आत घ्या. ताप आला म्हणून माणसांची पॅरासिटामोलची गोळी तिला कधीच देऊ नका, एक गोळीही जीव घेऊ शकते. कांदा-लसूण घातलेला रस्सा नको, त्याने तिचं रक्त बिघडतं. शिजवलेली हाडं नकोत, त्यांची कुसळं घशात आणि आतड्यात रुततात. मोठ्या मांजरींपैकी अनेकींना दूध पचत नाही, जुलाब होतात. उकडलेला मासा किंवा कोंबडी, बिनमिठाची, काटे-हाडं काढून, आणि स्वच्छ पाणी द्या. रेबीजची लस तिथेच टोचून घेतली, ती दरवर्षी द्यायची असते. मांजर चावली किंवा ओरखडली, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरकडे जायचं, घरची मांजर असली तरी.

माझी नणंद तेव्हा गरोदर होती आणि बाळंतपणासाठी येणार होती. तेही विचारून घेतलं. मांजरीच्या विष्ठेतून एक परजीवी पसरू शकतो, पण तो विष्ठेत एक-दोन दिवस राहिल्यावरच बाधक होतो. म्हणून मातीचं घमेलं रोज साफ करायचं आणि ते काम गरोदर बाईने करायचं नाही. मांजरीला हाकलण्याची गरज नाही.

घरी आल्यावर मी अम्मींना खरं सांगितलं. गुरुवारीच आवाज आला होता, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला वाटलं, त्या रागावतील. त्या बराच वेळ मुन्नीच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “तौबा कर बेटा, अल्लाह माफ करणारा आहे. मुन्नीने आवाज तरी केला. प्रत्येकाला आवाज करता येत नाही.”

मला आधी कळलं नाही. दुपारी त्या भाकरी थापायला ओट्यापाशी उभ्या राहिल्या, तेव्हा कळलं. अम्मींची उंची चार फूट नऊ इंच. चौतीस इंचांच्या ओट्यावर त्यांचे खांदे कानापर्यंत वर जात होते, हाताला जोर मिळत नव्हता. चाळीस वर्षं त्या घराच्या भाकऱ्या त्यांनी केल्या आणि नवं स्वयंपाकघर बांधताना मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. काम सुरू झाल्यापासून त्या आत येईनाशा झाल्या होत्या. मला वाटायचं, धुळीचा त्रास होत असेल.

सोमवारी सुतारदादा आले, गवंड्यालाही बोलावलं. खिडकीखाली अडीच फूट लांबीचा ओटा तीस इंच उंचीवर केला. ओट्याचं माप सोपं आहे. उभं राहून कोपर वाकवायचं आणि कोपराच्या चार-पाच इंच खाली ओट्याचा वरचा भाग यायला हवा. कणीक मळायला, भाकरी थापायला त्याहूनही थोडा खाली बरा, कारण वरून जोर द्यावा लागतो. घरात दोन उंचीच्या बायका असतील, तर ओट्याच्या दोन उंच्या कराव्यात, त्यात काही वावगं नाही.

स्कर्टिंगची पट्टी आता स्क्रूने नाही, चापाने बसते, हाताने ओढली की निघते. सिलिंडरच्या कप्प्याला तर खाली जाळीच लावून घेतली. हे सुतारदादांनीच सांगितलं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खाली साचतो. तो कप्पा पूर्ण बंद केला असता, तर मांजरीपेक्षा मोठं संकट आपणच कोंडून ठेवलं असतं. मासे साफ करायची जागा मागच्या मोरीत नेली, कचऱ्याच्या डब्याला झाकण केलं आणि रात्री गॅस रेग्युलेटरपासून बंद करायची सवय लावली. मुन्नीची वाटी मागच्या दाराशी असते. ओट्यावर चढायचं नाही, हे ती बऱ्यापैकी शिकली आहे. वजूचं पाणी मी झाकून ठेवते, पण तिने तोंड लावलंच तर आता धावत नाही. मलमूत्राची गोष्ट वेगळी, ते नापाकच. कपड्याला लागलं तर धुवायचं.

त्या रमजानच्या पहिल्या सहरीला अम्मी माझ्याआधी उठल्या होत्या. आपल्या ओट्यावर त्या तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या आणि मुन्नी दाराशी बसून बघत होती. मी त्यांच्या शेजारी उभी राहून तव्यावरच्या भाकऱ्या उलटू लागले.

रात्री स्वयंपाकघराचा दिवा बंद करण्याआधी मी आता थोडा वेळ थांबते. पट्टी ओढून बघते आणि कान देते. बहुतेक वेळा काहीच नसतं. तरी थांबते.