कान्हेरीच्या अंधारांतील एक फोटो

मामांच्या कॅमेऱ्याच्या माथ्यावर एक वाटोळी चकती आहे. तिच्यावर ‘ऑटो’, ‘पी’, ‘ए’, ‘एस’ आणि ‘एम’ अशा खुणा कोरलेल्या आहेत. (कांहीं कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवर अक्षरें निराळीं असतात.) नवशिक्याची चकती बहुधा ‘ऑटो’वर खिळलेली असते, आणि बोरिवलीच्या रस्त्यावर भर उन्हांत त्याचें बरें चालतेंहि.

‘ए’वर भिंगाचें छिद्र आपण ठरवितों आणि प्रकाश किती वेळ आंत घ्यावयाचा हें कॅमेरा ठरवितो. ‘एस’वर ह्याच्या उलट. ‘पी’वर दोन्ही तोच ठरवितो, मात्र ती जोडी आपणांस बदलतां येते, ‘एम’वर सारा भार आपल्या शिरावर. छिद्राचे आंकडे उफराटे आहेत : एफ ४ मोठें, एफ ८ लहान. एफ ४ वरून एफ ८ वर गेलें कीं प्रकाश चौथाईवर येतो, म्हणून १/६० सेकंदाच्या जागीं १/१५ सेकंद द्यावा लागतो. हें व्यस्त त्रैराशिकच होय. गणिताच्या तासाला कंटाळणाऱ्या माझ्या मित्रांनाहि तें चटकन् उमगलें.

ह्या हिशेबाची खरी गरज कान्हेरीस पडली. आजीला तेथील चैत्य पाहावयाचें होतें, आणि तिच्या गुडघ्यांना त्या पायऱ्या पुनः चढवणार नाहींत, हें घरांत सर्वांस ठाऊक होतें.

तिसऱ्या क्रमांकाचें हें लेणें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील, सातवाहनांच्या काळचें. ओसरींत दोहों बाजूंस सुमारें ७ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ति. आंत ३४ खांब आणि टोकाशीं स्तूप. दाराकडे पाठ केली कीं समोर नुसता काळा कातळ. कॅमेरा प्रत्येक दृश्य मध्यम करडें आहे असें धरून चालतो. त्यामुळें ‘ऑटो’नें तो कातळ राखेसारखा फिका करून टाकिला. मला तेथला अंधार अंधारच हवा होता. मीं चकती ‘एम’वर फिरविली.

एफ ८ आणि १/१५ ठेवावें, तर खांबांपासून स्तूपापर्यंत सारें रेखीव येई. परंतु खांबांच्या रांगेंतून हात जोडून हळूहळू चालणारी आजी पुसली जाई. एफ ४ आणि १/६० ठेवावें, तर आजी स्पष्ट आणि स्तूप अस्पष्ट. आय.एस.ओ. १६०० वरून ६४०० वर नेतां दोन्ही साधलीं असतीं, पण मामांच्या जुन्या कॅमेऱ्यांत सावल्या मग रवाळ होतात. १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था निघाली, डॉ. भाऊ दाजी तिचे सभासद होते. त्या काळच्या ओल्या कांचांना अशा अंधारांत फार वेळ लागे, आणि चालतें माणूस कांचेवर उमटलेंच तर धुक्यासारखें उमटे. मला निदान निवड करतां येत होती.

मीं एफ ४ ठेविलें. आजीनें मागें वळून पाहिलें, तेव्हां बटण दाबिलें.

फोटोंत तिच्या लुगड्याची किनार स्वच्छ दिसते. स्तूप मात्र मागें काळोखांत विरघळला आहे. मामा म्हणाले, “अरे, स्तूपासाठींच तर गेलों होतों!” आजीनें फोटो डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारिलें, “इतकी म्हातारी मी केव्हां रे झालें?”