खेडचा भीमाकाठ

पुण्याहून नाशिककडे निघाले, की भीमेकाठी खेड लागते. हुतात्मा राजगुरूंचे हे गाव आता राजगुरुनगर म्हणून ओळखले जाते. वर्गात बखरी शिकवणारा मी तेथे मुद्दाम उतरलो. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी येथे गादीसाठी मराठेच मराठ्यांपुढे उभे ठाकले. सातव्या वर्षी मोगलांच्या कैदेत गेलेले शाहूराजे पंचविशीत परतले होते. त्यांना ओळखणार कोण? ‘हा तोतया,’ असे ताराबाईंचे म्हणणे. राजारामांमागे सात वर्षे औरंगजेबाशी झुंजून राज्य राखणाऱ्या त्या बाईंनी पुत्र शिवाजीचा हक्क का सोडावा? त्यांनी सरदारांकडून दूधभातावर शपथ घेतली. पण बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने सेनापती धनाजी जाधवांना राजाची ओळख पटली. ऐन लढाईत परशुरामपंत प्रतिनिधी एकाकी पडले. त्यांनी सातारा गाठला.

काठावर उभे राहून वाटले, येथे तलवारीपेक्षा एका सेनापतीच्या मनातली झुंजच मोठी. शपथ खरी, की रक्त खरे? जानेवारी १७०८ मध्ये शाहूंना साताऱ्यास राज्याभिषेक झाला. घर मात्र दुभंगलेच. भीमेकाठचे हे भांडण १७३१ साली वारणेच्या तहाने मिटले, तेही सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या मान्य करून!