काळ्या पट्टीवरचे पांढरे डाग

गाडीच्या दाराखालून आणि चाकांच्या कमानीवरून जाणाऱ्या काळ्या प्लास्टिकच्या पट्टीला ट्रिम म्हणतात, हे मला गाडी घेतल्यावर कळलं. त्याच पट्टीवर पांढरी वर्तुळं उमटली होती. पाणी मारलं की ती नाहीशी व्हायची, पट्टी वाळली की पुन्हा दिसायची. शाम्पूने धुतलं तरी तेच. गाडीचा रंग पांढरा, त्यामुळे पत्र्यावर काही कळत नव्हतं. काळ्या प्लास्टिकवर मात्र लांबूनही दिसायचं.

विचारायला जावं तर प्रत्येकाचं उत्तर निराळं. शेजारचे काका म्हणाले, "टूथपेस्ट लाव." स्पेअर पार्टच्या दुकानात सांगितलं, "पॉलिश मारा, काळीकुळकुळीत होईल." एकाने तर संडास धुण्याचं अ‍ॅसिड सुचवलं. सगळे इतक्या खात्रीने बोलत होते की कोणाचं ऐकावं तेच मला कळेना. पॉलिश लावल्यावर पट्टी खरोखरच काळी झाली. पण ते धुपून गेल्यावर खालची वर्तुळं होती तिथेच होती.

उलगडा झाला तो गीझरमुळे. दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रींनी कॉइल बाहेर काढली. तिच्यावर पांढरं कवच चढलेलं होतं. "ताई, बोअरचं पाणी आहे, क्षार बसणारच," ते म्हणाले, आणि मला गाडीची पट्टी आठवली.

आम्ही पुण्याबाहेर, वाघोलीच्या बाजूला राहतो. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकर यांच्यावरच भागतं. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, त्याने किंचित आम्ल होतं आणि आपल्या काळ्या बेसॉल्ट खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. तेच पाणी आपण वर उपसतो. थेंब पट्टीवर सुकला की पाणी आणि वायू उडून जातात, मागे राहतो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. शाम्पू तेल आणि धूळ सोडवतो, चुनखडीला तो काय करणार? आणि काकांच्या टूथपेस्टचंही कोडं सुटलं: पुष्कळशा टूथपेस्टमध्ये घासण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेटच घातलेलं असतं. प्लास्टिकच्या खडबडीत पोतात ते अडकून बसलं असतं.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात एकूण कठीणपणाची, म्हणजे याच कॅल्शियम-मॅग्नेशियमची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतं. आमच्याकडे बरेच जण पिण्याचं पाणी गाळणाऱ्या आर.ओ. यंत्रातून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून गाडीला वापरतात. पाणी वाचवण्याची ती तळमळ मला मनापासून पटते, पण गाळून वेगळे काढलेले क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. ते फरशीला वापरावं, गाडीला नको.

चुनखडी आम्लात विरघळते, मग आम्ल सौम्य हवं. संडासच्या अ‍ॅसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, त्याचं नावही नको. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणलं, बॅटरीवाल्याकडून बॅटरीत घालायचं पाणी आणलं. त्यात क्षार जवळपास नसतात. दोन्ही समसमान मिसळलं. संध्याकाळी, पत्रा थंड असताना, आधी पट्टी धुऊन घेतली, नाहीतर धुळीचे कण घासले जाऊन चरे पडतात. मग भिजवलेलं फडकं डागावर थोडा वेळ नुसतं ठेवलं, मऊ ब्रशने पोतात फिरवलं, भरपूर पाण्याने धुतलं आणि लगेच कोरडं पुसलं. पट्टी वाळली. काळीच राहिली! मी पुन्हा पुन्हा हात फिरवून पाहिला; मघाचा खरखरीतपणा गेला होता.

सगळं मात्र गेलं नाही. वरच्या भागात एक सरसकट राखाडी छटा उरली. तिथे वर्तुळं नव्हती, खरखर नव्हती. ते उन्हाने पिकलेलं प्लास्टिक, त्यावर व्हिनेगरचा उपयोग नाही. काही थेंबांत सिलिकाही असतं, तेही व्हिनेगरला दाद देत नाही.

खरी पंचाईत झाली ती खिडकीखालच्या चमकत्या पट्टीपाशी. ती क्रोम चढवलेलं प्लास्टिक आहे की अ‍ॅल्युमिनियम? टिचकी मारून पाहिली, गारवा पाहिला, तरी ठरवता येईना. अ‍ॅनोडाइज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा वरचा थर आम्लाने कायमचा डागाळू शकतो, म्हणून तिला मी व्हिनेगर लावलंच नाही. ओल्या मऊ फडक्याने पुसते, उरलेले ठिपके तसेच आहेत.

गाडी धुणाऱ्या दादांना मी विचारलं, धुतल्यावर कोरडं फडकं फिरवता येईल का? डाग पडतो तो थेंब सुकू दिल्याने, आणि उन्हात तर फारच लवकर. ते म्हणाले, "ताई, एवढ्या गाड्या असतात, सगळी पुसणं नाही जमायचं. काळी पट्टी तेवढी पुसतो." त्यांचं खरंच होतं. पट्टीसाठी एक वेगळं मायक्रोफायबर फडकं मी त्यांच्याकडे देऊन ठेवलं आहे. काचा आणि ती चमकती पट्टी मी स्वतः पुसते.