विकलेल्या मालाचं वय

चकलीत तीळ असतात हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. न्यू जर्सीत फराळाचं ताट शेजारच्या घरी गेलं, तर त्या घराला मात्र ते ठाऊक असेलच असं नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा प्रमुख ॲलर्जन ठरला आहे. शेंगदाणे, गहू, दूध, काजू-बदाम आधीपासूनच त्या यादीत होते. पाकिटावर तीळ असल्याचं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर चकली कितीही खुसखुशीत असली तरी कायद्याच्या लेखी तो सदोष माल. म्हणून दिवाळीच्या आधी फराळवाल्यांचे फोन माझ्याकडे येऊ लागतात. आजवर नातेवाइकांना खोकी पाठवत होते, आता स्वतःचा ब्रँड लावून तिकडच्या दुकानांत माल ठेवायचा आहे. "तो दुकानदार प्रॉडक्ट लायबिलिटीचं सर्टिफिकेट मागतोय. उद्यापर्यंत होईल का?"

होतं, बहुतेक वेळा. पण सर्टिफिकेट म्हणजे पॉलिसी नव्हे, आणि गिऱ्हाईक पॉलिसी वाचत नाही. मी जबाबदारीच्या विम्याचा ब्रोकर आहे. माझा अर्धा दिवस हा विमा काय देत नाही, हे समजावण्यात जातो. आगीचा विमा गोदामातल्या मालाचा, मरीनचा विमा वाटेतल्या मालाचा. हा विमा मालाचा नाहीच. माल तुमच्या हातून सुटल्यावर त्याने कोणाला इजा केली, कोणाची मालमत्ता बिघडवली, तर त्या माणसाला द्यावी लागणारी भरपाई आणि कोर्टात लढण्याचा खर्च, एवढंच त्याचं काम. चकली मऊ पडली म्हणून दुकानदाराने परत केली, तर माझ्याकडे येऊ नका. चकली खाऊन पोराचा घसा सुजला आणि त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं, तर ताबडतोब या.

ही रेघ किती कडक आहे, ते नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांना विचारावं. २०१० च्या हंगामात युरोपातल्या प्रयोगशाळांना आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचा, म्हणजे शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात त्याचा, अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. माल नाकारला गेला, भाव कोसळले, निर्यातदार आणि बागायतदार दोघेही कर्जात गेले. पण द्राक्षं खाऊन कोणी आजारी पडल्याचा दावा नव्हता. इजा नाही, म्हणून जबाबदारीच्या विम्याचं दार उघडत नाही. माल बाजारातून परत बोलावण्याचा विमा वेगळा असतो. तो महाग असतो आणि त्याच्या अटी त्याहून किचकट.

यात मोठ्या कंपन्यांचीही सुटका नाही. १९८२ मध्ये शिकागोच्या परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाईड भरलं आणि सात माणसं मेली. उत्पादक कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. व्यवस्थापनाच्या वर्गांत हे आदर्श उदाहरण म्हणून शिकवतात. पुढचा भाग सहसा शिकवत नाहीत. तो खर्च जबाबदारीच्या विम्यातून मिळावा म्हणून कंपनी कोर्टात गेली आणि हरली. पुढची इजा टाळण्यासाठी केलेला खर्च हा झालेल्या इजेची भरपाई नव्हे, असा त्याचा मथितार्थ. मला हा न्याय कधीच पुरता पटलेला नाही. शहाणपणाने माल परत घेणाऱ्याच्या पदरी काही नाही आणि गप्प बसून दावे येऊ देणाऱ्याच्या पाठीशी पॉलिसी! पण पटो न पटो, शब्द तसे आहेत.

आपल्याकडे कायदा उशिरा आला, पण आला तो दात घेऊनच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं सहावं प्रकरण जुलै २०२० पासून लागू आहे. निर्मितीत, रचनेत किंवा लेबलवरच्या सूचनांत दोष असेल आणि त्यातून इजा झाली, तर उत्पादक जबाबदार. "आम्ही काळजी घेतली होती" हे सिद्ध केलं तरी स्पष्ट शब्दांत दिलेली हमी पाळली गेली नसल्यास सुटका नाही. कलम ८४ च्या या पोटकलमाकडे फार कमी कारखानदारांचं लक्ष गेलं आहे. जाहिरातीत मात्र हमी मोकळ्या हाताने वाटतात. आणि उत्पादक कोण? दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर आपली खूण लावणारासुद्धा. चिपळूणच्या बचत गटाकडून कोकम आगळ घेऊन पुण्यात स्वतःचं लेबल चिकटवणारा आणि "आपण फक्त विकतो" म्हणणारा तरुण या व्याख्येत सरळ बसतो. लेबल न लावणारा दुकानदारही, मूळ उत्पादक कोण हे सांगता आलं नाही, तर अडकतो. मुंबईकरांना १९८६ चं जे. जे. रुग्णालय आठवत असेल. डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं ग्लिसरीन औषध म्हणून दिलं गेलं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत जो गलथानपणा बाहेर आला, त्याचा मोठा भाग हाच होता: कोणी, कोणाकडून, काय तपासून घेतलं, याचा पत्ता नाही.

हे सगळं मी सांगतो, गिऱ्हाईक मान डोलावतं आणि दोनच प्रश्न विचारतं: रक्कम किती, प्रीमियम किती. माझा प्रश्न तिसराच असतो आणि तो तारखेचा असतो.

कोल्हापूरकडच्या फौंड्रीचं उदाहरण घेतो. शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या भट्ट्यांतलं ओतकाम पंपांत, व्हॉल्व्हमध्ये, ट्रॅक्टरमध्ये बसून जगभर जातं. कास्टिंगच्या पोटात एखादा ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी, राहिला, तर तो आज दिसत नाही. मशिनिंग होतं, रंग चढतो, पंप जोडला जातो, आणि कित्येक वर्षांनी दाबाखाली तडा जातो. बिल कधीचं वसूल झालेलं असतं, जबाबदारी मात्र तिथेच बसलेली असते. पूर्वी जगभर या विम्याचा नियम सोपा होता: इजा ज्या वर्षी झाली, त्या वर्षीची पॉलिसी पैसे देणार, मग दावा कधीही येवो. हा नियम ॲस्बेस्टॉसने मोडला. फुप्फुसात गेलेली धूळ आजार म्हणून वर यायला वीस-तीस वर्षं घेते. १९७३ च्या बोरेल खटल्यात अमेरिकी कोर्टाने ॲस्बेस्टॉसच्या उत्पादकांना जबाबदार धरलं, दाव्यांचा पूर आला आणि वकिलांनी कपाटांतून जुन्या पॉलिसी उकरून काढल्या. लंडनच्या लॉइड्स या विमाबाजाराची त्यात अशी दैना झाली की जुनं ओझं वेगळं काढायला १९९६ मध्ये 'इक्विटास' ही स्वतंत्र कंपनी उभी करावी लागली. विमा कंपन्यांनी धडा घेतला तो स्वतःपुरता. आता अनेक पॉलिसी 'क्लेम्स-मेड' असतात. आपल्याकडची प्रॉडक्ट लायबिलिटी पॉलिसीही सहसा तशीच. अपघात एका ठरावीक तारखेनंतरचा हवा, म्हणजे रेट्रोॲक्टिव्ह तारखेनंतरचा, आणि दावाही पॉलिसी चालू असताना आलेला हवा. दोन्ही एकाच वेळी.

एका फौंड्रीमालकांनी बरीच वर्षं एका कंपनीकडे विमा चालवला. मग स्वस्तातलं कोटेशन आलं. "एवढी वर्षं भरतोय, एक रुपयाचा क्लेम न्हाई. मग बदलली तर बिघडतंय कुठं?" बदलली, एप्रिलमध्ये. नव्या कंपनीने रेट्रोॲक्टिव्ह तारीख टाकली त्याच एप्रिलची. आधीच्या फेब्रुवारीत त्यांच्या कास्टिंगचा एक पंप अमेरिकेत फुटला होता, एक कामगार जखमी झाला होता. तिकडच्या खरेदीदाराची ईमेलही आली होती. यांनी ती नेहमीची क्वालिटी तक्रार समजून फौंड्री मॅनेजरकडे ढकलली. वकिलाची नोटीस आली पुढच्या वर्षी. जुनी पॉलिसी म्हणते, दावा माझ्या मुदतीत आला नाही. नवी म्हणते, अपघात माझ्या तारखेच्या आधीचा. दोन्ही कंपन्यांचं बरोबर होतं. शेवटी खरेदीदाराने ती रक्कम बिलांतून हप्त्याहप्त्याने कापून घेतली. ती ईमेल एप्रिलच्या आधी जुन्या कंपनीला नुसती कळवली असती, तरी बहुतेक पॉलिसींत तो दावा जुन्या मुदतीत धरला गेला असता. आणि पॉलिसी बदलताना जुनी रेट्रोॲक्टिव्ह तारीख कायम ठेवा, एवढी एक ओळ लिहून घेतली असती तरी चाललं असतं. त्यासाठी प्रीमियम थोडा वाढला असता, इतकंच.

इथे तारखेइतकीच हद्द महत्त्वाची. 'जगात कुठेही' असं पहिल्या पानावर छापलेलं असतं आणि आत कुठेतरी 'दावा भारतीय कोर्टात चालला तरच' असं असतं. ते वाचून गिऱ्हाईक माझ्यावरच चिडतं. अमेरिका आणि कॅनडा धरायचे तर वेगळा भाव पडतो. तिथे ज्यूरी आहे, जिंकलो तरच फी घेणारे वकील आहेत, आणि बचावाचा खर्च बहुधा विम्याच्या रकमेतूनच वजा होतो, म्हणजे दहा लाख डॉलरची पॉलिसी खटला संपेपर्यंत दहा लाखांची राहत नाही. दंडात्मक भरपाई तर साधारणतः वगळलेलीच असते.

आणखी एक गोष्ट मला छळते. बचाव कशाच्या जोरावर करायचा? फौंड्रीत प्रत्येक ओतणीला हीट नंबर असतो, स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूच्या तपासणीचा, रिपोर्ट असतो. कास्टिंगवरचा नंबर रजिस्टरशी जुळला, तर दोष आपला की पुढे मशिनिंग करणाऱ्याचा, हे सांगता येतं. पण ही रजिस्टरं दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जातात. माल वापरात आहे तोवर कागद ठेवा म्हटलं की मालक हसतात. "मग खोली बांधू काय?" बांधावी, किंवा स्कॅन करावं. कलम ८७ मध्ये उत्पादकाला सुटकेच्या ज्या वाटा दिल्या आहेत, उदाहरणार्थ सुटा भाग म्हणून माल घेणाऱ्याला आवश्यक सूचना दिल्या होत्या, त्या सगळ्या पुराव्याच्या दारातून जातात.

सगळ्यात अवघड प्रश्न धंदा बंद करणाऱ्यांचा. मुलगा पुण्यात आयटीत, फौंड्री चालवायला कोणी नाही, जागा विकली, भट्टी थंड केली आणि त्याबरोबर पॉलिसीही. "आता माल बनतच नाही तर विमा कशाला?" मी सेसनाची गोष्ट सांगतो. या अमेरिकी कंपनीने १९८६ मध्ये छोटी पिस्टन विमानं बनवणं थांबवलं आणि दाव्यांच्या खर्चाकडे बोट दाखवलं. बनवणं थांबलं, तरी आधी विकलेली हजारो विमानं उडतच होती, आणि त्यांच्यापायी दावेही येतच होते. १९९४ मध्ये तिथल्या संसदेने छोट्या विमानांवरच्या दाव्यांना १८ वर्षांची सीमा घातली, तेव्हा कुठे उत्पादन पुन्हा सुरू झालं. कोल्हापूरच्या कास्टिंगसाठी अशी सीमा कोणी घालून देणार नाही. बंद झालेल्या धंद्यासाठी रन-ऑफ मुदत, म्हणजे नंतर येणाऱ्या दाव्यांसाठी वाढीव मुदत, विकत घेता येते. भागीदारीत मालक स्वतः जबाबदार असतो, तिथे तर ती घ्यावीच. पण ती बंद करण्याआधी मागावी लागते. पॉलिसी संपल्यावर तो फोन कोणी घेत नाही.

युरोपला माल पाठवणाऱ्यांना मी सध्या वेगळी यादी देतो. सदोष मालाच्या जबाबदारीवरच्या १९८५ च्या जुन्या युरोपीय निर्देशाची जागा घेणारा नवा निर्देश ९ डिसेंबर २०२६ नंतर तिथल्या बाजारात येणाऱ्या मालाला लागू होतो. त्यात सॉफ्टवेअरही 'वस्तू' आहे. उत्पादक युरोपबाहेरचा असेल तर तिथला आयातदार पकडला जातो, आणि तो अर्थातच करारात ती जबाबदारी तुमच्याकडे सरकवतो. अशी करारातून ओढवून घेतलेली जबाबदारी पॉलिसीत बहुधा वगळलेली असते, म्हणून सही करण्याआधी कराराचा मसुदा मला दाखवा. दाव्याची कमाल मुदत दहा वर्षं आहे. शरीरातली इजा उशिरा उघड होणारी असेल तर पंचवीस. आणि आपली पॉलिसी दरवर्षी नव्याने, एका वर्षाची.