मुक्या रुग्णाची शुश्रूषा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक निवृत्त गुरुजी रक्तदाब तपासून घेण्यासाठी दवाखान्यात आले. तपासणी झाली, गोळ्या लिहून दिल्या, तरी ते खुर्चीवरून उठेनात. थोड्या वेळाने म्हणाले, "डॉक्टर, एक विचारायचं होतं. माणसाचं नाही." त्यांची नऊ वर्षांची कुत्री चार दिवस अन्नाला तोंड लावत नव्हती, पाणी मात्र भांडेच्या भांडे रिकामे करीत होती. परगावचा मुलगा फोनवर सांगत होता, की तिचे वय झाले, आता हाल नकोत, शेवटचे इंजेक्शन देऊन टाका. गुरुजींना माझे मत हवे होते.

मी माणसांचा डॉक्टर. असे मत देण्याचा मला अधिकार नाही, हे मी फार महागात शिकलो आहे. ती हकीकत आपल्याला सांगतो.

आमची राणी गावठी जातीची, बारा वर्षांची. वडील गेल्यापासून ती आईची सावलीच झाली होती. तीन वर्षांपूर्वी श्रावणात ती मागच्या पायाने लंगडू लागली. पशुवैद्यांकडे नेण्याऐवजी मी कपाटातील आयब्युप्रोफेनची अर्धी गोळी दुधाच्या सायीत घालून तिला दिली. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. पदवी भिंतीवर टांगलेली असताना विचारायचे कोणाला? तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि शी डांबरासारखी काळी झाली.

आपल्याला जी गोळी सहज पचते, तिचा निचरा कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश होतो. जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटतो. डायक्लोफिनॅकचेही तसेच. पॅरासिटामॉलने कुत्र्याच्या यकृताला अपाय होऊ शकतो आणि मांजराला तर तिचा लहानसा तुकडाही प्राणघातक ठरू शकतो. आपल्या औषधांच्या डब्यातले काहीही पशुवैद्यांना विचारल्यावाचून मुक्या प्राण्याला देऊ नये.

पशुवैद्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरी काय दिलंत?" मी खरे ते सांगितले. रक्तातील क्रिएटिनीन ६.८ निघाले; निरोगी कुत्र्यात ते साधारण १.४ च्या आत असते. ते म्हणाले, मूत्रपिंडे बहुधा आधीपासूनच थकली असावीत. त्यांचे सुमारे दोन-तृतीयांश काम थांबेपर्यंत बाहेरून फारसे काही दिसत नाही, आणि मग प्रथम दिसते ती वाढलेली तहान. मला आठवले, आई मे महिन्यातच म्हणाली होती, "राणीला तहान फार लागते रे हल्ली." मी ते उन्हाळ्यावर ढकलले होते. आधीचा बिघाड किती आणि माझ्या गोळीने झालेला किती, हे पशुवैद्यांनी सांगितले नाही. मीही पुन्हा विचारले नाही.

पाच दिवसांच्या सलाईनने क्रिएटिनीन चारपर्यंत उतरले आणि तिथेच अडले. मग आम्ही राणीला घेऊन शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेलो. साताऱ्याहून तासाभराची वाट. दुसरे मत घेण्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान होतो, असे आपल्याकडे उगाचच मानले जाते. माझे रुग्ण दुसरीकडे विचारून येतात तेव्हा मला राग येत नाही (पूर्वी यायचा). जाताना सगळे अहवाल, दिलेल्या औषधांची यादी आणि घरातल्या हालचालींचे मोबाईलवरील चित्रण सोबत न्यावे. परक्या टेबलावर भेदरलेला प्राणी आपले दुखणे लपवतो. तिथे मी तीनच गोष्टी विचारल्या: हा आजार बरा होणारा आहे का, उपचाराने काय साधेल, आणि तोवर तिला काय वाटत असेल. उत्तरे स्वच्छ मिळाली. बरा होणार नाही. मळमळ कमी करता येईल. हाती वर्षे नाहीत, महिने आहेत.

घरी एक दिवसाआड मी तिच्या मानेमागच्या सैल कातडीखाली रिंगर लॅक्टेट सोडत असे. आई बाटली आधी कोमट पाण्यात ठेवी, मग पाटावर बसून राणीचे डोके मांडीवर घेई. आईचे वय तेव्हा ८१. दिवाळीनंतर एकदा सहज तिचा रक्तदाब पाहिला, तर वरचा आकडा १७० निघाला. रात्री तीन-तीनदा उठून ती राणीला अंगणात नेत होती आणि त्या गडबडीत स्वतःची गोळी विसरत होती. डॉक्टरच्या घरात! शुश्रूषा करणाऱ्यांनो, आजारी जिवाचे औषध जिथे ठेवता तिथेच आपलेही ठेवा, आणि रात्रीची पाळी वाटून घ्या.

आईने भिंतीवरच्या कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाशेजारी, एक खूण सुरू केली होती. राणी आपणहून जेवली आणि फाटकापर्यंत आली, तर त्या तारखेला गोल. कार्तिकात पान गोलांनी भरलेले होते. पौषात आठवड्याला दोन उरले. मी मात्र दर वेळी नवे काही शोधीत होतो. उलटीचे दुसरे इंजेक्शन, भूक वाढवणारी गोळी. उपचार माझ्या हातात होता म्हणून मी तो करीत होतो. शिवाय त्या अर्ध्या गोळीची भरपाई मला करायची होती.

एका संध्याकाळी आई म्हणाली, "अरे, ती आता माझ्यासाठी खाते. मी समोर बसले की एक घास घेते, उठले की टाकून देते. किती दिवस तिच्याकडून हे करून घ्यायचं?"

माणसाच्या बाबतीत कायदा आपल्याला इतकी मुभा देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, आपली कृत्रिम जीवनरक्षक साधने काढून घ्यावीत असे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला; इंजेक्शनने मरण देण्यास मात्र परवानगी नाही. असह्य यातनेतील प्राण्याला वेदनारहित मरण देण्याची तरतूद १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आहे. ही मुभा हाती आली, की तिचे ओझे केवढे असते ते कळते.

पशुवैद्य घरीच आले. त्यांनी पुढचे सारे आधी सांगितले, म्हणून आई घाबरली नाही. आपणही आधी विचारून घ्यावे. प्रथम गुंगीचे औषध, मग शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. डोळे मिटत नाहीत. हृदय थांबल्यानंतरही एखादा खोल श्वास आल्यासारखा दिसतो. ती वेदना नव्हे. राणीचे डोके आईच्या मांडीवर होते. पेरूच्या झाडाखाली आम्ही तिला पुरले. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "कुत्रंच तर होतं." आईने त्यांना चहा दिला आणि ती आत निघून गेली.

म्हणून गुरुजींना मी मत दिले नाही. इतकेच म्हटले, की निदानाआधी निर्णय नको, तिला आत्ताच न्या. त्या कुत्रीची नसबंदी झालेली नव्हती. दीड महिन्यापूर्वी ती माजावर येऊन गेली होती. गर्भाशयात पू झाला होता. वाढलेली तहान राणीसारखीच, पण आजार शस्त्रक्रियेने बरा होणारा. त्याच संध्याकाळी गर्भाशय काढले. दुसऱ्या दिवशी तिने दहीभात खाल्ला.

चौथ्या दिवशी गुरुजींचा फोन आला. टाके दुखत असावेत, ती कण्हते आहे, तर आपल्या घरातली एखादी गोळी... मी त्यांना वाक्य पुरे करू दिले नाही.