फेब्रुवारीचं पाणी डिसेंबरातच मोजा

हरभरा वर आला, हळद अजून उभी आहे, आणि आमच्या शिवारात सध्या एकच इषय चालू आहे: ओढ्याचं पाणी कुठवर पुरंल?

आमचा ओढा कयाधूला मिळतो. कयाधू वाशिमकडून येते आणि हिंगोली, कळमनुरी करत पैनगंगेला जाते. पूर आला की सगळे पुलावर जाऊन व्हिडिओ काढतात. पण आपली हळद पोसते ती पूर गेल्यावर उरलेल्या बारीक धारेवर, आणि ती धार कोणी मोजत नाही.

मोजायचं कशाला? जानेवारीत पाणी तुटलं की भांडणं लागतात म्हणून. आमच्याकडं मोटरच्या पाळीवरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालंय. कोणाचा तरी फुटव्हॉल्व्ह रात्रीतून वाळूवर ओढलेला सापडतो. पाणी किती आहे हे माहीतच नसलं की ज्याला त्याला वाटतं, वरच्यानं चोरलं.

पुस्तकातला हिशोब वेगळा आहे. स्ट्रेंज साहेबानं १८९२ च्या सुमारास महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागातला पाऊस आणि वाहून जाणारं पाणी यांचा तक्ता बसवला. पावसाळ्यात एवढा पाऊस झाला तर एवढं पाणी येईल, असं तो सांगतो. ७५ टक्के विश्वासार्हता म्हणजे चारपैकी तीन वर्षं तेवढं पाणी मिळणार. तलाव बांधायला हे ठीक, कारण तलाव पुराचं पाणी धरून ठेवतो. ओढ्यावर मोटर टाकणाऱ्याला वर्षाची बेरीज काय कामाची? त्याला फेब्रुवारीची धार लागते.

ही धार जमिनीतून पाझरून येते. आपल्याकडं काळा पाषाण. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि खडकाच्या भेगा, आणि ती साठवण थोडी. म्हणून धार भराभर उतरते, पण उतरते ती साधारण एका ठरावीक प्रमाणात. आपल्याला उपयोग याचाच.

मोजायची रीत सोपी आहे. पत्र्याला काटकोनी खाच पाडा, म्हणजे व्ही-नॉच. पत्रा ओढ्यात आडवा उभा करून बाजूनं चिखलानं बुजवा, सगळं पाणी खाचेतूनच पडलं पाहिजे. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजा, पण खाचेपाशी नाही, हातभर मागं. १५ सेंमी आली तर सेकंदाला १२ लिटर, १० सेंमीला साडेचारच्या आतबाहेर, ५ सेंमीला पाऊण लिटर. बघा, उंची निम्मी झाली की पाणी निम्मं नाही, सहाव्या हिश्शाच्या आसपास येतं. नुसत्या डोळ्याला हे कळत नाही. माप सकाळी, वरच्या मोटरी बंद असताना घ्यायचं.

आता दोन मापं घ्या, १ आणि १५ डिसेंबरला. समजा १२ चे ९ लिटर झाले, म्हणजे पंधरवड्याला पाऊण पट. तसंच पुढं धरा: १ जानेवारीला पावणेसात, १५ ला पाच, १ फेब्रुवारीला पावणेचार, १५ ला तीनच्या आत. मधी पाऊस झाला तर हिशोब नव्यानं मांडायचा.

तीन लिटर म्हणजे किती? चोवीस तासांत अडीच लाख लिटर. एका एकराला ५ सेंमीची पाळी द्यायला दोन लाख लागतात. म्हणजे अख्खा ओढा मिळून दिवसाला सव्वा एकर भिजवणार! माझी मोटर २०० लिटरचा ड्रम २५ सेकंदांत भरते, म्हणजे सेकंदाला आठ लिटर. तीन लिटरच्या धारेत अशी एकसुद्धा मोटर सलग चालत नाही, डोह भरायची वाट बघावी लागते. मग चार मोटरी एकदम चालू करून भांडायचं कशावरून?

हा आकडा डिसेंबरात हातात असला की गव्हाचं क्षेत्र आवरता येतं. गव्हाला पाच-सहा पाळ्या, हरभरा एक-दोनावर निघतो. हळदीची शेवटची पाणी धरून ठेवता येतात. आणि पाळीची यादी धार दमदार असतानाच बसून लिहिता येते, तेव्हा माणसं नीट बोलतात.

वही दरवर्षी जपा. २०१८ ला राज्यात १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले होते, तसल्या वर्षातलं माप सगळ्यात मोलाचं. कायमची लागवड ठरवताना चांगल्या सालाचा आकडा धरू नका, वाईट सालाचा धरा. पत्रा आणि मोजपट्टी, खर्च एवढाच.